धावण्याचा बूट : पाय पाहून घ्यावा, नाव पाहून नव्हे

— ऊस विकास अधिकारी, शेतकी विभाग



या पानावर आपण नेहमी बेणे, लागण, खताचे हप्ते आणि खोडव्याची निगा याविषयी वाचता. या वेळचा विषय शेतकी खात्याच्या कक्षेत बसत नाही, हे आधीच कबूल करतो. पण तो आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या घरातला आहे. लागणीच्या नोंदी आणि प्लॉट पाहणीसाठी पहाटे बाहेर पडले की पाणंदीला, कॅनॉलच्या भरावावर, डांबरी रस्त्याच्या कडेला पोरं-पोरी पळताना दिसतात. कोणाची पोलीस भरतीची तयारी, कोणाची सैन्याची. दोन एकर ऊस आणि दोन-तीन भावंडे, म्हणजे एकाने तरी नोकरीला लागावे असा घरचा हिशेब असतो. तो चुकीचा नाही.

या पळण्याला किती किंमत आहे ते पाहा. महाराष्ट्र पोलीस शिपाई भरतीत २०२२ पासून शारीरिक चाचणी ५० गुणांची आहे. मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावण्याला २० गुण, १०० मीटरला १५ आणि गोळाफेकीला १५. म्हणजे पन्नासातले पस्तीस गुण नुसते पायावर. सैन्याच्या अग्निवीर भरतीतही १.६ किलोमीटरची धाव पार पाडावी लागते. गुणवत्ता यादीत एका गुणाने मुलगा आत येतो किंवा बाहेर राहतो. आणि नेमके चाचणीच्या तोंडावर पोरगं नडगी धरून बसलेले असते.

आमच्या एका गटातील सभासदाच्या मुलीचे उदाहरण देतो. नाव-गाव सांगत नाही. उसाचा पहिला हप्ता जमा झाल्यावर वडिलांनी तिला तालुक्याच्या गावातून चांगले महागाचे बूट आणले. मुलीला नेले नव्हते, घरातल्या चपलेचा नंबर सांगून आणले. बूट पुढून आवळत होता. तिने वडिलांना बोलून दाखवले नाही, कारण पैसे किती गेले ते तिला ठाऊक होते. तीन आठवड्यांत दोन्ही अंगठ्यांची नखे काळी पडली. नखे दुखतात म्हणून पाय वाकडा टाकू लागली आणि मग गुडघा धरला. महिनाभर सराव बंद. बूट वाईट नव्हता, फक्त तो तिच्या पायाचा नव्हता.

"साहेब, पोराला कोणता बूट बरा?" असे गट ऑफिसात विचारले जाते, तेव्हा मला "साहेब, कोणता वाण बरा?" हा प्रश्न आठवतो. त्याचे उत्तर आपल्याला माहीत आहे. को ८६०३२ चांगला, पण जमीन कसली? चोपण असेल तर फुले २६५ चा विचार करू. हंगाम कोणता, आडसाली की सुरू? पाण्याची पाळी किती दिवसांनी मिळते? हे विचारल्याशिवाय वाण सांगणारा माणूस एक तर बेणे विकणारा असतो, नाही तर त्याला काही कळत नसते. बुटाचेही तसेच आहे. पाय कसा, पाऊल कसे पडते, पळायची जमीन कोणती आणि रोज किती पळणार, हे आधी पाहावे लागते.

पायाचा ओला ठसा आणि त्यावरून होणारा गैरसमज

माणसाच्या एका पायात २६ हाडे असतात. ती नुसती रचून ठेवलेली नाहीत. दगडी कमान जशी एकमेकांत दगड अडकून वजन पेलते, तशी तळव्याची कमान हाडे आणि शिरांनी बांधलेली असते. पळताना एका वेळी एकच पाय जमिनीवर असतो आणि त्यावर शरीराच्या वजनाच्या दोन ते तीन पट भार येतो. साठ किलोचा मुलगा असला तर दर पावलाला एकशे वीस ते एकशे ऐंशी किलो. पाच किलोमीटरच्या साध्या सरावात सुमारे पाच हजार पावले पडतात, म्हणजे एकेका पायावर अडीच हजार वेळा हा भार येतो. बुटाचा विचार करायचा तो यासाठी.

आता ओल्या पायाची परीक्षा. पाय पाण्यात बुडवून शहाबादी फरशीवर किंवा वर्तमानपत्रावर ठेवला की ठसा उमटतो. काहींचा तळवा टाचेपासून चवड्यापर्यंत पूर्ण उमटतो, तो सपाट पाय. काहींची टाच आणि चवडा तेवढा उमटतो आणि मध्ये बारीक रेघ किंवा काहीच नाही, ती उंच कमान. बाकीच्यांचे मधले असते. वर्षानुवर्षे दुकानात, मासिकांत सांगितले जायचे की सपाट पायाला आतून कडक आधाराचा बूट, उंच कमानीला मऊ गादीचा बूट आणि मधल्याला मधला. ऐकायला हे अगदी बरोबर वाटते. माती परीक्षण करून खत दिल्यासारखे.

पण याची खरीखुरी चाचणी झाली तेव्हा वेगळे निघाले. अमेरिकेच्या भूसेना, हवाईदल आणि मरीन या तिन्ही दलांतल्या नव्या रंगरुटांवर हा प्रयोग झाला आणि २००९-१० च्या सुमारास त्याचे निष्कर्ष छापून आले. एका गटाला तळव्याचा आकार पाहून बूट दिले. दुसऱ्या गटाला तळवा कसाही असो, एकाच प्रकारचे बूट दिले. प्रशिक्षणाच्या काळात दोन्ही गटांत दुखापतींचे प्रमाण जवळपास सारखेच राहिले. आपल्या भरतीच्या पोरांना याहून जवळचे उदाहरण मिळणार नाही, कारण तीही रंगरुटांची पोरे, तेही अचानक वाढलेले पळणे.

म्हणून ठसा पाहून घाबरून जाण्याचे कारण नाही. आणि कोणी ठसा पाहून जास्त पैशाचा बूट गळ्यात मारू लागला तर त्यालाही भुलू नये. याला एक पुरवणी जोडतो. ज्याचा घोटा पळताना फारच आतल्या बाजूला कलंडतो, त्याला आतून आधार असलेल्या बुटाचा उपयोग होतो असे लक्झेंबर्ग देशातल्या २०१६ च्या एका चाचणीत दिसले. म्हणजे आधाराचा बूट निरुपयोगी नाही, पण तो सरसकट सगळ्या सपाट पायांचा इलाज नाही.

सपाट पायाचा खरा प्रश्न भरतीच्या वैद्यकीय तपासणीत येतो. बूट कितीही चांगला घेतला तरी तिथे पाय उघडाच दाखवायचा असतो. पण इथेही उगाच हाय खाणारे पालक पाहिले आहेत. घरी एवढे करून पाहा. मुलाला अनवाणी उभे करा आणि चवड्यांवर उंच व्हायला सांगा. टाच उचलल्यावर तळव्याखाली कमान तयार होत असेल, पाय लवचिक असेल आणि दुखत नसेल, तर तो सैल सपाट पाय आहे. सैन्याच्या वैद्यकीय निकषांत असा पाय चालतो. चवड्यावर उभे राहूनही कमान दिसत नसेल, पाय ताठ असेल किंवा दुखत असेल, तर मात्र वर्ष-दीड वर्ष तयारीत घालवण्यापूर्वी हाडांच्या डॉक्टरांना दाखवून घ्यावे.

जाता जाता लहान मुलांविषयी. मणिपालच्या डॉ. राव आणि डॉ. जोसेफ यांनी ४ ते १३ वयाच्या २३०० मुलांचे पाय तपासून १९९२ साली पाहणी छापली. बूट-चपला वापरणाऱ्या मुलांत सपाट पाय ८.६ टक्के, तर अनवाणी वाढणाऱ्यांत २.८ टक्के आढळले. तेव्हा अंगणात, मऊ मातीत पोर अनवाणी खेळत असेल तर खेळू द्यावे. फक्त काच-खिळे आणि तणनाशक मारलेले रान सोडून.

माप कागदावर घ्यावे

माप संध्याकाळी घ्यावे. दिवसभर उभे राहून, चालून पाय थोडा फुगतो आणि पळतानाही तो फुगणार असतो. जाड कागद भिंतीला लावून जमिनीवर ठेवा. टाच भिंतीला टेकवून पूर्ण वजन देऊन उभे राहा. बसून माप घेतले तर ते कमी भरते. दुसऱ्याने पेन्सिल उभी धरून पायाभोवती रेघ ओढावी. दोन्ही पायांची ओढावी, कारण बऱ्याच जणांचा एक पाय दुसऱ्यापेक्षा थोडा मोठा असतो आणि बूट मोठ्या पायाचा घ्यायचा असतो. लांबी मोजताना अंगठाच सर्वांत लांब असेल असे धरू नका. काहींचे दुसरे बोट पुढे असते.

आपल्याकडे दुकानात जो ६, ७, ८ असा नंबर सांगतात तो इंग्लंडच्या पद्धतीचा आहे. त्याचे मूळ ऐकून गंमत वाटेल. त्या मापाचे एकक सातूचा दाणा हे आहे. तीन दाण्यांचा एक इंच, म्हणून एका नंबरात सुमारे साडेआठ मिलिमीटरचा फरक. अर्धा नंबर म्हणजे चार मिलिमीटर आणि थोडे. पळणाऱ्याला हे चार मिलिमीटरही जाणवतात. शिवाय एका कंपनीचा ७ आणि दुसऱ्या कंपनीचा ७ सारखा निघत नाही. त्यामुळे "माझा नंबर सात" हे वाक्य दुकानात फारसे कामाचे नाही. कागद कामाचा आहे.

बूट घालून उभे राहिल्यावर सर्वांत लांब बोटाच्या पुढे हाताच्या अंगठ्याएवढी रुंद जागा राहिली पाहिजे. चालायच्या बुटापेक्षा ही जागा जास्त वाटेल, पण पळताना पाय पुढे सरकतो. वर सांगितलेली काळी नखे याच जागेअभावी होतात.

लांबीपेक्षा आपल्या लोकांची अडचण रुंदीची असते. लहानपणापासून अनवाणी किंवा पायताणात वावरलेला पाय चवड्याला पसरट असतो. बाजारातले बरेच बूट पुढे निमुळते. मग पोरं काय करतात, रुंदी बसावी म्हणून एक नंबर वाढवून घेतात. चवडा बसतो, पण टाच मागे सुटते आणि दर पावलाला घासून फोड येतो. याला सोपी परीक्षा आहे. बुटाच्या आतली पट्टी बाहेर काढा, जमिनीवर ठेवा आणि तिच्यावर पूर्ण वजनाने उभे राहा. करंगळी किंवा अंगठ्याची बाजू पट्टीबाहेर ओघळत असेल तर तो बूट अरुंद आहे, मग तो कितीही नावाजलेला असो. काही कंपन्या तोच नंबर जास्त रुंदीत काढतात. तो आहे का ते विचारावे. दुकानदाराने तोंड वाकडे केले तर दुसरे दुकान आहे.

मुलींच्या बाबतीत उलटी तक्रार येते. बायकांची टाच चवड्याच्या मानाने अरुंद असते. लहान गावांत मुलींचे धावण्याचे बूट मिळत नाहीत म्हणून मुलांचेच लहान नंबरचे देतात. पुढे ठीक बसतात, मागे टाच डुलते. मुलींच्या साच्यावर केलेला बूट मिळत असेल तर तोच घ्यावा. नाही मिळाला तर बुटाच्या अगदी वरच्या टोकाला जे जादा भोक असते, आणि जे बहुतेक जण रिकामे सोडतात, त्याचा उपयोग करावा. नाडी त्याच बाजूच्या वरच्या भोकात घालून छोटा फासा ठेवायचा, दोन्ही बाजूंच्या नाड्या समोरच्या फाशातून ओढून मग गाठ मारायची. टाच जागेवर बसते. ज्याचा पाय वरून उंच आहे आणि नाडी दाबते, त्याने दुखणाऱ्या ठिकाणची आडवी नाडी गाळून सरळ वर न्यावी. फुकटातला इलाज आहे, करून पाहावा.

पाऊल कसे पडते

आता प्रत्येकाच्या हातात मोबाईल आहे. तो जमिनीपासून हातभर उंचीवर ठेवून, बाजूने, सावकाश चालणारे चित्रीकरण करा. दोन किलोमीटर पळून झाल्यावर करा, कारण पहिल्या शंभर मीटरला प्रत्येक जण ऐटीत पळतो.

त्यात दोन गोष्टी पाहायच्या. पहिली, जमिनीला आधी काय टेकते, टाच, सगळा तळवा की चवडा. हौशी पळणाऱ्यांतले बहुसंख्य टाचेवर उतरतात. अनवाणी पळणारे बहुधा चवड्यावर किंवा सपाट उतरतात, हे केनियातल्या धावपटूंवर झालेल्या २०१० च्या अभ्यासातही दिसले. यावरून "टाचेवर पळणे चूक, चवड्यावर पळा" असा सल्ला गावोगावी फिरतो आहे. तो सरसकट मानू नये. अचानक चवड्यावर पळायला लागलेल्या मुलाची पोटरी आणि टाचेमागची शीर धरते, आणि ती शीर धरली की लवकर सोडत नाही. १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये इथिओपियाचा अबेबे बिकिला अनवाणी पळून मॅरेथॉन जिंकला, हे सगळे सांगतात. तोच १९६४ साली टोकियोत बूट घालून पुन्हा जिंकला आणि त्याची वेळ आणखी कमी झाली, हे फारसे कोणी सांगत नाही.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. पाऊल टेकते तेव्हा ते गुडघ्याच्या खाली पडते की शरीराच्या फार पुढे? लांब ढांग टाकली की वेग वाढतो असे पोरांना वाटते. प्रत्यक्षात पाय पुढे ताठ पडला तर दर पावलाला गाडीचा ब्रेक दाबल्यासारखे होते, आणि तो दणका नडगी नि गुडघा खातो. पाऊल थोडे आखूड करून पावलांची संख्या मिनिटाला पाच ते दहा टक्क्यांनी वाढवली तर गुडघ्यावरचा भार कमी होतो, हे मोजून पाहिलेले आहे. घड्याळ लावून एका मिनिटातली पावले मोजावीत. १६० भरत असतील तर १६८ ते १७५ करून पाहावीत. एवढ्या सुधारणेला एक पैसा लागत नाही आणि बुटाने जे होत नाही ते कधी कधी याने होते.

बुटाशी याचा संबंध असा. बुटाची टाच चवड्यापेक्षा किती उंच आहे हे पाहावे. बहुतेक जुन्या पद्धतीच्या बुटांत हा फरक ८ ते १२ मिलिमीटर असतो, काहींत ४ किंवा त्याहून कमी. फरक कमी असेल तर पोटरी आणि टाचेमागची शीर जास्त काम करते, जास्त असेल तर भार गुडघ्याकडे सरकतो. म्हणून ज्याची पोटरी वारंवार धरते त्याने सपाट बुटाच्या नादी लागू नये, आणि ज्याचा गुडघा कुरकुरतो त्याने थोडी कमी टाच वापरून पाहायला हरकत नाही. सध्याच्या बुटात काही दुखत नसेल तर पुढचा जोडही साधारण त्याच उंचीचा घ्यावा. चालणारा वाण मोडून नवा लावण्याची घाई नको.

दुकानात उभे असताना

मुलाला किंवा मुलीला बरोबर नेल्याशिवाय बूट घेऊ नये. पळताना वापरायचे तेच मोजे न्यावेत. बूट हातात घेऊन वाकवा. तो चवड्याच्या ठिकाणी, बोटे जिथे वाकतात तिथे वाकला पाहिजे. मध्ये कमानीपाशी घडी पडत असेल तर तो नुसता दिसायला धावण्याचा बूट आहे. टाचेमागची वाटी दाबून पाहा, ती लगेच चेपत असेल तर टाच धरून ठेवणार नाही. सोलची चिकटवलेली कड नखाने तपासा. रस्त्यावर ढीग लावून नामांकित खुणेचे नकली बूट मिळतात. त्यांचा सोल बहुधा दगडासारखा किंवा थर्माकोलसारखा असतो, आणि दोन्हीचा पळायला उपयोग नाही.

मग बूट घालून पळायचे. दुकानासमोर चाळीस-पन्नास पावले तरी. लाजायचे नाही. कातडी चप्पल पहिले आठ दिवस चावते, तेल पाजल्यावर मऊ होते आणि मग पायाला धरून बसते, ही आपली सवय. धावण्याच्या बुटाला ती लावू नये. तो पहिल्या दिवशी टोचला तर तो नंतरही टोचणार. कॅल्गरी विद्यापीठाचे बेनो निग या विषयातले जाणते संशोधक. त्यांनी २०१५ साली मांडले की पायाला जो बूट पळताना आरामशीर वाटतो तोच निवडावा, शरीर आपल्या चालीला योग्य काय ते स्वतः ओळखते. पाच-सहा जोड घालून पाहिल्यावर एखादा असा निघतो की तो पायात आहे हे विसरायला होते. तो घ्यावा. रंग मात्र आवडेल तोच मिळेल असे नाही.

किमतीविषयी स्पष्ट लिहितो. सोलमध्ये कार्बनची पट्टी असलेले पाच आकडी किमतीचे बूट २०१७ पासून बाजारात आले. त्याने मॅरेथॉनच्या वेळा खाली आल्या, हे खरे. इतक्या की जागतिक ॲथलेटिक्स संघटनेने २०२० मध्ये रस्त्यावरच्या शर्यतींसाठी सोलची जाडी ४० मिलिमीटरपर्यंत मर्यादित केली. पण रोज पाणंदीतून पळणाऱ्या पोराला ते नकोत. ते लवकर संपतात आणि खडबडीत जमिनीवर उंच सोलमुळे घोटा मुरगळतो. बीड जिल्ह्यातला अविनाश साबळे, माण तालुक्यातली ललिता बाबर ही आपल्या कोरडवाहू भागातली माणसे ऑलिंपिकच्या अंतिम फेरीपर्यंत पळाली. पोरांना त्यांच्यासारखे खिळ्यांचे बूट हवे असतात. पण ते बूट २८ अडथळे आणि ७ वेळा पाण्याच्या खड्ड्यावरून उडी, अशा शर्यतीसाठी असतात. भरतीच्या चाचणीत कोणते बूट चालतात ते त्या-त्या जाहिरातीत नीट वाचावे आणि जो बूट चाचणीला घालणार त्यात आधी महिनाभर सराव केलेला असावा. वजनाकडे थोडे लक्ष असू द्या. दर बुटाला १०० ग्रॅम वाढले की पळायला लागणारी शक्ती साधारण एक टक्क्याने वाढते. १६०० मीटरला तेवढ्याने तीन-चार सेकंद इकडे-तिकडे होऊ शकतात.

बूट किती दिवस टिकतो

सोलचा खालचा रबर शाबूत दिसतो, पण मधला फोमचा थर आधीच चेपलेला असतो. इथे बरेच जण फसतात. सर्वसाधारणपणे ५०० ते ८०० किलोमीटर हे आयुष्य धरतात. रोज पाच किलोमीटर, आठवड्यात सहा दिवस पळणारा मुलगा महिन्याला १३० किलोमीटर पळतो. म्हणजे चार ते सहा महिने. बूट घेतल्याची तारीख आतल्या जिभेवर पेनने लिहून ठेवावी. तोच बूट कॉलेजला, बाजाराला आणि दारे धरायला वापरला तर हिशेब दोन महिन्यांवर येतो. ज्यांना परवडते त्यांनी दोन साधे जोड आलटून-पालटून वापरावेत. असे करणाऱ्यांत दुखापती कमी आढळल्या आहेत. एक महागाचा घेण्यापेक्षा हे मला जास्त पटते.

आणि एक. भरतीची जाहिरात निघाली की तीन किलोमीटर पळणारा पोरगा दुसऱ्या दिवशी दहा किलोमीटर सुरू करतो, तेही नवे बूट घालून, डांबरी रस्त्यावर. जगातला कोणताही बूट त्याला वाचवू शकत नाही. नवा बूट पहिले आठ दिवस निम्म्या पळण्याला वापरावा आणि पळणे आठवड्यागणिक थोडे-थोडे वाढवावे, जसे आपण लागणीला पाणी देतो. शक्य तो मातीवर पळावे. रस्त्यावर पळायची वेळ आली तर लक्षात घ्या, रस्ता मध्ये उंच आणि कडेला उतरता असतो. रोज एकाच बाजूने पळाले की एक पाय कायम खाली पडतो.

नडगीच्या सगळ्या कडेला पसरून दुखत असेल तर पळणे कमी करून, शेकून-बर्फ लावून बहुधा उतरते. पण एका बोटाने दाखवता येईल अशा एकाच ठिकाणी हाड दुखत असेल, रात्री बसल्या-बसल्याही ठणकत असेल, तर त्यात हाडाला बारीक चीर असू शकते. त्यावर तेल चोळून, पट्टी बांधून पळू नये. सुरुवातीला ही चीर फोटोत दिसत नाही, म्हणून "फोटो साफ आहे" एवढ्यावर पुन्हा पळायला लागू नये. डॉक्टर सांगतील तेवढे आठवडे थांबावे.

पावसाळ्यात बूट ओले झाले की आतली पट्टी काढून वर्तमानपत्राचे बोळे भरावेत आणि सावलीत, वाऱ्याला ठेवावेत. चुलीजवळ, इंजिनवर किंवा कडक उन्हात ठेवले तर फोम कडक होतो आणि डिंक सुटतो. ओल्या मोज्यांनी बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात. पळून आल्यावर बेचके कोरडे पुसले की निम्मा त्रास संपतो.

शेवटी आमच्या वयाच्या आणि त्याहून वडील सभासदांसाठी थोडे. साखरेचा आजार निघाला म्हणून डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलेले बरेच जण आहेत. त्यांनाही वरचे मापाचे सगळे लागू आहे, उलट जास्तच. या आजारात पायाची जाणीव कमी होत जाते. बूट चावतोय हे कळत नाही आणि घट्टे किंवा जखम झाल्यावर डोळ्यांनी दिसते. त्यांनी अनवाणी चालू नये, नवे बूट पहिल्या दिवशी अर्धा तासच घालावेत आणि घरी आल्यावर तळवा आरशात किंवा सुनेला-नातवाला दाखवून पाहावा. बूट घालण्यापूर्वी उलटा करून झटकावा आणि मग आत हात फिरवावा. खडा तर असतोच, पण पडवीत ठेवलेल्या बुटात पावसाळ्यात विंचूही सापडतो.